‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे कोण म्हणेल?

रविवारचा मिस्सा आटोपला की आमच्याकडे देवळाच्या आवारात घटकाभर गप्पांचा फड जमतो. आजारपणाची, लग्नकार्याची, पिकापाण्याची विचारपूस होते आणि मग मंडळी आपापल्या वाटेला लागतात. मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी सकाळी नऊ वाजताच अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या. त्या दिवशी प्रवचनात धर्मगुरूंनी पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचा विषय काढला होता. तो धागा पकडून एक वयोवृद्ध सद्गृहस्थ म्हणाले, “अहो, ऊनपाऊस कमीअधिक व्हायचाच. आमच्या लहानपणी काय उकडत नव्हते? कारखाने काढले गोऱ्या लोकांनी, धूर सोडला त्यांनी, आणि उपदेश मात्र आपल्याला! शिवाय नोहाला देवाने शब्द दिला आहे, पुन्हा जलप्रलय होणार नाही म्हणून. मग आपण कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा?” चारचौघांनी माना डोलावल्या. वडीलधाऱ्या माणसाशी देवळाच्या दारात वाद नको, म्हणून आम्हीही गप्प राहिलो. ते गप्प राहणे घरी आल्यावर आम्हांला टोचू लागले, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

त्या सद्गृहस्थांच्या बोलण्यात तीन सबबी होत्या. पहिली निसर्गचक्राची, दुसरी परक्याच्या अपराधाची आणि तिसरी देवाच्या वचनाची. पण या तिन्हींच्या तळाशी एक न बोललेली चौथी सबब दडलेली असते, ती म्हणजे अज्ञानाची. “नक्की काय ते कुणालाच ठाऊक नाही,” असे एकदा म्हटले की बाकीच्या सबबींना आपोआप बळ येते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ही सबब आता कुणालाही उरलेली नाही; ती उरून पुष्कळ वर्षे लोटली. ज्ञान होते, पुरावा होता, इशाराही होता. नव्हता तो प्रामाणिकपणा.

ज्याला ‘हरितगृह परिणाम’ म्हणतात तो मुळात शाप नव्हे, वरदान आहे. सूर्याचा प्रकाश वातावरणातून सुखाने खाली येतो आणि जमीन व समुद्र तापवतो. तापलेली पृथ्वी ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी, आकाशाकडे परत पाठवते. हवेत सर्वांत जास्त असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवीत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू, मिथेन असे थोडे वायू मात्र ही ऊब शोषून घेतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली धाडतात. आपल्या गोधडीचेच उदाहरण घ्या ना. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती अंगची ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. ही गोधडी नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते, आणि मग ना भात पिकला असता ना केळ. अडचण गोधडीची नाही. भर उन्हाळ्यात माणसाने तिच्यावर आणखी गोधड्या चढवण्याचा जो उद्योग आरंभला आहे, त्याची आहे.

हे कळले केव्हा? फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याने १८२४ साली प्रथम असा विचार मांडला, की वातावरण पृथ्वीची ऊब धरून ठेवीत असावे. १८५६ साली युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कर्बवायूची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही फार वेळ लागला. या वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वीचे हवामान अधिक उष्ण होईल, असे तिने तेव्हाच लिहून ठेवले. विद्वानांच्या सभेत तिचा निबंध वाचला तो मात्र एका पुरुषाने! १८५९ साली जॉन टिंडल याने उपकरणाच्या साहाय्याने या वायूंची उष्णता शोषण्याची शक्ती मोजली. १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस याने हातानेच लांबलचक आकडेमोड करून सांगितले, की हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर तापमान पाचसहा अंशांनी वाढेल. तितका कोळसा जाळायला माणसाला हजारो वर्षे लागतील, असे त्या बिचाऱ्याला वाटले. आपली भूक त्याने ओळखली नव्हती.

पुढे मोजमाप सुरू झाले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेतला कर्बवायू मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते. २०२४ साली त्याच पर्वतावरची वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून राहिलेले जुन्या हवेचे बुडबुडे शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा गेल्या आठ लाख वर्षांत हे प्रमाण कधीही ३०० च्या फारसे पुढे गेले नव्हते असे आढळले. आठ लाख वर्षांत जे घडले नाही, ते आमच्या तीनचार पिढ्यांनी करून दाखवले.

आता त्या पहिल्या सबबीकडे वळू. हवामान पूर्वीही बदलत आले आहे, यात शंका नाही. पण घरे पूर्वी विजेच्या लोळाने पेटत असत, म्हणून आज काडी लावणारा निर्दोष ठरतो काय? सूर्य प्रखर झाला म्हणावे, तर १९७८ पासून उपग्रह सूर्याचे तेज मोजीत आहेत आणि ही तापमानवाढ समजावून देईल अशी कोणतीही वाढ त्यात दिसलेली नाही. शिवाय सूर्य कारणीभूत असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा निवतो आहे. गोधडीच्या आत ऊब आणि बाहेर गारवा, तसे. ज्वालामुखी म्हणावेत, तर ते वर्षाकाठी जेवढा कर्बवायू ओकतात तो माणसाच्या धुराच्या शतांशही भरत नाही. दगडी कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून माणूस आज दर वर्षी सुमारे ३७ अब्ज टन कर्बवायू हवेत सोडतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेल्या कोळशातल्या कार्बनची एक विशिष्ट खूण असते, आणि तीच खूण आजच्या हवेत सापडते. चोराच्या पावलांचे ठसे थेट त्याच्या ओसरीपर्यंत गेलेले आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवामान-मंडळाने २०२१ च्या अहवालात, मानवी कृतींमुळेच ही उष्णता वाढली आहे याविषयी काही संदेह उरला नसल्याचे सांगितले. २०२४ हे वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत त्या वर्षीची सरासरी दीड अंशाहून अधिक होती.

इतके असूनही शंका का उरली? कारण ती पैसे मोजून पेरली गेली. वाचकहो, हा आमचा कल्पनाविलास नव्हे; कागदपत्रे उघड झालेली आहेत. एक्झॉन या जगातल्या बलाढ्य तेलकंपनीच्या वरिष्ठांना त्यांच्याच शास्त्रज्ञाने १९७७ साली या धोक्याची कल्पना दिली होती. कंपनीने स्वतः संशोधन केले, आलेख काढले. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्या जुन्या भाकितांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि त्यांतली बहुसंख्य भाकिते अचूक ठरल्याचे दिसून आले. म्हणजे घरात खरे ठाऊक होते. वेशीवर मात्र “अजून काही सिद्ध झालेले नाही” अशी दवंडी. १९८९ साली तेल, कोळसा आणि मोटारींच्या कंपन्यांनी मिळून एक आघाडी उभारली. तिच्याच तज्ज्ञांनी १९९५ साली तयार केलेल्या अंतर्गत मसुद्यात हरितगृह परिणामाचे शास्त्र नाकारता येण्याजोगे नाही अशी कबुली होती. ती आघाडी मात्र २००२ साली मोडेपर्यंत शंकेचा धंदा करीत राहिली. विडीकाडीच्या बाबतीतही याआधी असेच झाले होते. तंबाखू निर्दोष आहे हे कुणाला सिद्ध करायचे नव्हते. ‘डॉक्टरांत मतभेद आहेत’ एवढे लोकांच्या मनात ठसले की पुरे होते. त्या काळी पेरलेले बी आजही उगवते आहे. मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या संदेशांतून ते आमच्या घरात येते आणि रविवारी देवळाच्या आवारात आमच्याच तोंडून बोलते. त्या सद्गृहस्थांनी कुणाचे पैसे घेतलेले नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ज्यांनी ही शंका विकत घेऊन पसरवली, त्यांना असे फुकटचे प्रचारकच हवे असतात.

दुसरी सबब अधिक वजनदार आहे, कारण तिच्यात सत्याचा मोठा अंश आहे. आजवर हवेत गेलेल्या कर्बवायूपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. तिथला एक माणूस वर्षाला सरासरी १४ टन कर्बवायू सोडतो, तर भारतीय माणूस सुमारे २ टन. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून एक पुस्तिका काढून पाश्चात्त्यांना खडसावले होते, की गरिबाच्या भातखाचरातून आणि गोठ्यातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत तोलू नका. एक जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. हा न्याय आम्हांला शंभर टक्के मान्य आहे. श्रीमंत राष्ट्रांचे हे ऋण आहे, आणि ते त्यांनी फेडलेच पाहिजे.

पण हाच न्याय आता घरात लावून पाहू. ही २ टनांची सरासरी कुणाची? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर काटक्या वेचून चूल पेटवणारी आमची वारली भगिनी तिच्यात आहे. आणि दोन गाड्या, चार खोल्यांना चार वातानुकूलन यंत्रे, वर्षाकाठी परदेशची एक विमानवारी करणारे आम्हीही तिच्यातच आहोत. आमचा वाटा तिच्या नावावर लिहिला जातो, म्हणून आमची सरासरी स्वच्छ दिसते. गोऱ्या माणसाला “तू चैनीसाठी धूर सोडतोस” असे ठणकावून सांगायचे, आणि तोच प्रश्न त्या बाईने आम्हांला विचारला की गरिबीच्या पदराआड लपायचे, याला न्याय म्हणत नाहीत. शिवाय भारत आज एकूण कर्बवायू सोडण्यात चीन आणि अमेरिका यांच्याखालोखाल तिसरा आहे, आणि आमची जवळजवळ तीनचतुर्थांश वीज अजून कोळशावरच होते. “आधी त्यांनी सुरुवात केली” हे भांडणाऱ्या मुलांना शोभते. घराला आग लागलेली असताना ते बोलणे शोभत नाही.

आणि आग लागली आहे ती कुणाच्या घराला? माणसाने वाढवलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. अरबी समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की अलीकडच्या दशकांत या समुद्रातली चक्रीवादळे संख्येने, मुदतीने आणि जोराने वाढली आहेत. एकेका वादळाचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडता येणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तापलेले पाणी हे वादळाचे इंधन आहे, हेही तितकेच खरे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘ओखी’ वादळ आले. तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरचे कितीतरी कोळी समुद्रातून परत आलेच नाहीत. त्यांतले बहुतेक आमच्यासारखेच धर्मग्रामांतले, आमच्यासारखीच रोजरीची माळ हाती घेणाऱ्या घरांतले होते. तिकडच्या कित्येक होड्या वाहवत येऊन देवगडच्या बंदरात आसऱ्याला थांबल्या होत्या. डिसेंबरच्या पाच तारखेला मुंबईवर पाऊस कोसळला. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ आदळले. २०२१ च्या १७ मे रोजी ‘तौक्ते’ आमच्या किनाऱ्यालगतून गेले, आणि मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तराफा बुडून अनेक कामगारांना जलसमाधी मिळाली. ज्यांनी हवेत सर्वांत कमी धूर सोडला, त्यांनाच आधी जबर किंमत मोजावी लागते. हा योगायोग नव्हे, हा अन्याय आहे.

राहिली ती नोहाची गोष्ट. या सबबीचा उच्चार आमच्या आवारातच झाला असे नव्हे. २००९ च्या मार्च महिन्यात जॉन शिमकस या लोकप्रतिनिधीने अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे उत्पत्तीच्या पुस्तकाचा दाखला देऊन हेच सांगितले होते, की पृथ्वीचा शेवट देव ठरवील, माणूस नव्हे. आम्ही नम्रपणे विचारतो, की वचन कुणी दिले आणि कशाचे दिले? मी पुन्हा जलप्रलयाने नाश करणार नाही, असे देव म्हणाला. माणूस स्वतःच्या हाताने आपले घर बुडवणार नाही, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. आणि ज्या नोहाचे नाव आम्ही पुढे करतो, त्याचे वर्तन काय होते? त्याला इशारा मिळाला तेव्हा पाणी चढलेले नव्हते. त्याने इशाऱ्यावर विश्वास ठेवला, लाकूड जमवले आणि कामाला लागला. आम्ही मात्र नोहाच्या वचनाचे वारसदार व्हायला तयार आहोत, त्याच्या कष्टांचे नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, हा सल्ला अरण्यात प्रभूला कुणी दिला होता, हे आम्ही विसरलो काय? निष्काळजीपणाला श्रद्धेचे नाव देणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय.

ख्रिस्तसभेने आम्हांला अंधारात ठेवले, असेही म्हणता यायचे नाही. १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी हरितगृह परिणामाचा नाव घेऊन उल्लेख केला होता आणि पर्यावरणाचा प्रश्न हा नैतिक प्रश्न आहे असे बजावले होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हवामान हे सर्वांचे सामाईक धन असल्याचे सांगितले. २०२३ च्या ४ ऑक्टोबरला ‘लाउदाते देउम’ लिहिताना, या विषयावरची हेटाळणी आपल्याला ख्रिस्तसभेच्या आतही ऐकावी लागते, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली. ती वाक्ये वाचताना आम्हांला आमचेच आवार आठवले. १९९० पासून आजवर जगाने जेवढा कोळसा आणि तेल जाळले, त्याचा धूर त्याआधीच्या साऱ्या इतिहासातल्या धुराहून अधिक भरतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक अपराध इशारा मिळाल्यानंतरचा आहे.

मग करायचे काय? घरातला एक दिवा मालवल्याने पृथ्वी वाचेल, असले गोड खोटे आम्ही सांगणार नाही. वीज कशावर करायची, बस आणि रेल्वे वाढवायची की गाड्यांचे रस्ते, हे निर्णय सरकारदरबारी होतात आणि तिथेच ते बदलावे लागतात. मत मागायला येणाऱ्याला आम्ही गटारांविषयी विचारतो, तसेच याविषयीही विचारायला हवे. पण देवळाचे, शाळेचे, सभागृहाचे छप्पर तर आमच्या हाती आहे; त्यावर सूर्याची वीज का होऊ नये? खाडीकाठची तिवरे हवेतला कार्बन चिखलात गाडून ठेवतात आणि लाटांनाही थोपवतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. मग रात्रीच्या अंधारात भराव टाकणारा डंपर आमच्या वाडीवरून जातो तेव्हा आम्ही खिडकी का लावून घेतो? पावसाचे पाणी पोटात साठवणारी बावखले बुजवून त्यांच्यावर बंगले कुणी बांधले? ते गोरे लोक नव्हते. आणि हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना एकच आठवण देतो: ओझोनचा थर विरळ होत असल्याचे कळताच १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला, घातक वायू बंद केले, आणि तो थर आता हळूहळू सावरतो आहे. माणसाने ठरवले की होते.

प्रत्येक मिस्साच्या आरंभी आम्ही छातीवर हात मारून केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. या दुसऱ्या कबुलीकडे आमचे फारसे लक्ष नसते. पृथ्वीच्या तापमानाच्या बाबतीत तेल विकणाऱ्यांचे पाप पहिल्या प्रकारचे आहे. आमचे बहुतांशी दुसऱ्या. आम्हांला कळले होते आणि आम्ही गप्प बसलो. उद्या आमची नातवंडे विचारतील, तेव्हा त्यांच्यापुढे फूटबाईच्या नळ्या, कीलिंगचे आकडे आणि पोपमहोदयांची परिपत्रके असतील. त्यांना “ठाऊक नव्हते” म्हणून सांगता येणार नाही.

ते वयोवृद्ध सद्गृहस्थ आम्हांला आदरणीय आहेत आणि राहतील. येत्या रविवारी ते भेटले आणि पुन्हा तोच विषय निघाला, तर आम्ही त्यांचा हात हाती घेऊन सावलीला बसवू, आणि हे सारे त्यांना सांगू. ते रागावले तरी चालेल. एकदा गप्प बसून पाहिले. तेवढे पुरे झाले.